‘थेल्मा’ हा चित्रपट ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत दाखवावा का?

प्रश्न – दादरकर

नमस्कार. आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाच्या पुढच्या सभेत चित्रपट दाखवण्याचे ठरले आहे आणि माझ्या मनात जॉश मार्गोलिन यांचा २०२४ सालचा ‘थेल्मा’ आहे. लॉस एंजेलिसमध्ये एकटी राहणारी ९३ वर्षांची आजी, नातू तुरुंगात असल्याच्या खोट्या फोनला फसून १० हजार डॉलर टपालाने पाठवते आणि ते परत मिळवण्यासाठी स्वतःच घराबाहेर पडते, असे त्याचे कथानक आहे. आमच्या काही सभासदांना अशा फोनचा कटू अनुभव आलेला असल्यामुळे, आपल्याच दुःखावर सभागृह हसत आहे असे त्यांना वाटेल का, याची मला काळजी वाटते. ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांनी कृपया मत द्यावे.

उत्तर १ – गिरगावकर

निःशंकपणे दाखवावा. साहसपटात जी उत्कंठा धावत्या मोटारी आणि उंच इमारती यांतून निर्माण होते, ती येथे जिना चढणे, श्रवणयंत्र आणि दोघांना बसता येईल अशी विजेवर चालणारी तीनचाकी यांतून निर्माण केली आहे. पार्श्वसंगीतही खऱ्या साहसपटाच्या तोलाचे असल्याने आपण थेल्माच्या संथपणाला हसत नाही, तर ती पडू नये म्हणून श्वास रोखून पाहत राहतो. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या आजीला असाच फोन आला होता, त्यातून ही कथा सुचली. हा जिव्हाळा प्रत्येक प्रसंगात जाणवतो.

थेल्माची भूमिका करणाऱ्या जून स्क्विब यांचा जन्म १९२९ सालचा. ‘नेब्रास्का’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले होते, परंतु चित्रपटातील मध्यवर्ती भूमिका त्यांच्या वाट्याला आली ती थेट नव्वदी उलटल्यावर, आणि तीनचाकीवरील बरीचशी दृश्ये त्यांनी स्वतः केली आहेत. थेल्माच्या मित्राच्या भूमिकेत असलेले रिचर्ड राउंडट्री हे १९७१ च्या ‘शाफ्ट’चे नायक; ‘थेल्मा’ प्रदर्शित होण्यापूर्वीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्या दोघांच्या संवादांत वार्धक्याचे जे अवघडलेपण आणि जी ओढ आहे, ती मला अन्य कोणत्याही साहसपटात आढळलेली नाही.

उत्तर २ – बोरिवलीकर

चित्रपट मलाही मनापासून आवडला, तरीही एका गोष्टीची जाणीव करून द्यावीशी वाटते. थेल्मा चोरांच्या मागे स्वतः जाते. आपल्याकडे कोणी तसे करू नये. फसवणूक लक्षात येताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तत्काळ तक्रार नोंदवली, तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता असते, म्हणून सभेत हा क्रमांक फलकावर ठळकपणे लिहून ठेवावा.

उत्तर ३ – मुलुंडकर

वरील दोन्ही मतांशी मी सहमत आहे. फसवणूक झाल्यावर आईला वृद्धाश्रमात हलवावे का, याची चर्चा लेक आणि जावई करू लागतात, तेव्हा थेल्माला पैशांपेक्षा अधिक काहीतरी गमावण्याची भीती वाटते. आपल्या सभासदांना सर्वांत जवळचा वाटेल तो हाच भाग, असे माझे मत आहे. त्यामुळे शक्य झाल्यास सभासदांच्या मुला-नातवंडांनाही बोलवावे, कारण आजीवर जीव असलेला परंतु स्वतःच्या भविष्याविषयी धास्तावलेला नातू डॅनियल हाही या कथेचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

दादरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सभासद कुटुंबासह येऊ शकतील अशी रविवारची वेळ ठरवतो, आणि इंग्रजी संवाद समजायला ज्यांना अडचण येईल त्यांच्यासाठी आरंभी कथेची मराठीतून थोडक्यात ओळख करून देतो. शेवट मात्र सांगणार नाही.