मदत हवी आहे: आयबीएम ३६०/३० चं पॅनेल घरात मांडायचंय, खोली १९६७ ची दिसायला हवी

मंडळी,

गेल्या हिवाळ्यात एक उद्योग करून बसलोय. मी न्यू यॉर्क राज्यात राहतो, एंडिकॉट गाडीने तासाभरावर. आयबीएमच्या सिस्टीम/३६० या मोठ्या संगणकांच्या मालिकेतलं मॉडेल ३० तिथेच विकसित झालं. जुन्या सामानाच्या एका विक्रीत त्याचं पुढचं पॅनेल मिळालं. फक्त पॅनेल. मागची यंत्रणा कधीच भंगारात गेलेली आणि केबली कचाकच कापलेल्या. पण दिवे आहेत, गोल डायल फिरतात, कोपऱ्यातला लाल 'इमर्जन्सी पुल' (ओढला की वीज तोडणारा खटका) हाही आहे. (तो लेकीने पहिल्याच दिवशी ओढला. एकदा ओढला की पुढून परत आत जात नाही, सर्व्हिस इंजिनियरने मागून सोडवायचा असतो. त्या दिवशी इंजिनियर मीच.)

तळघरातली दहा बाय बाराची जागा बायकोने मंजूर केली आहे. तिथे १९६७ सालची मशीन रूम उभी करायची आहे, आणि त्या सालानंतरची एकही वस्तू दिसता कामा नये. ८ इंची फ्लॉपी आणि ३२७० टर्मिनल (पडदा नि कीबोर्ड) १९७१ चे, म्हणून बाद. आयबीएमचा आठ पट्ट्यांचा लोगो १९७२ चा, म्हणून तोही बाद. एवढं माझं मला कळलं. पुढे अडलोय.

पहिली अडचण दिव्यांची. मूळचे फिलामेंटचे बल्ब निम्मे उडालेत. एलईडी लावून पाहिले तर गणपतीच्या मखरासारखं लुकलुकतंय. पॅनेलमागे हर्क्युलिस इम्युलेटर (आजच्या संगणकावर जुन्या आयबीएम यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालवतोय, पण पॅनेलच्या वरच्या भागातल्या दिव्यांना काय दाखवायचं तेच समजत नाही.

दुसरी, १०५२ हा कन्सोलचा टाइपरायटर कुठेच मिळेना. त्याच्या जागी सिलेक्ट्रिक (आयबीएमचा ऑफिसातला विजेचा टाइपरायटर) ठेवला तर चालेल का? अक्षरांचा गोळा तर दोघांतही तोच फिरतो.

तिसरी अडचण घरातलीच. माझा मामा तेव्हा मुंबईत फोर्टात एका कंपनीच्या १४०१ वर (आयबीएमचाच आधीचा संगणक) ऑपरेटर होता. त्याने पंच कार्डांचा (प्रोग्रॅम भोकांनी नोंदवलेल्या कार्डांचा) गठ्ठा आणि फ्लोचार्ट आखायची प्लास्टिकची पट्टी पाठवली आहे. ती मांडली नाही तर मामा बोलायचा नाही. पण १४०१ हे १९५९ चं यंत्र, आणि ३६० त्याच्याशी सुसंगत नाही. मग कार्डं मांडणं खोटं होईल ना? वर फोनवर म्हणतो, "दाराबाहेर चपलांचा रॅक ठेव, त्याशिवाय कॉम्प्युटर रूम कसली!"

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

हर्क्युलिस फक्त सूचना पाळतो, यंत्राच्या पोटात त्या क्षणी काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं. मॉडेल ३० सगळं मायक्रोकोडवर (प्रत्येक सूचना बारीक पायऱ्यांत पार पाडणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमवर) चालायचं, आणि वरच्या दिव्यांत त्या मायक्रोप्रोग्रॅमचे पत्तेही दिसतात. ते खरे हवे असतील तर २०३० ची (मॉडेल ३० च्या प्रोसेसरचा हाच क्रमांक) व्हीएचडीएलमध्ये (सर्किटचं वर्णन करायच्या भाषेत) केलेली प्रतिकृती आहे, ती एफपीजीएवर (हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर) चढवा.

एलईडी नुसता चालू-बंद करू नका. बिट किती वेळ १ होता त्या प्रमाणात उजेड द्या आणि तो हळूहळू चढू-उतरू द्या. फिलामेंट गार व्हायला वेळ घेतं, त्यामुळे खऱ्या पॅनेलवर कमीजास्त मंद उजेड दिसतो, लुकलुक नाही. रंग २७०० केल्व्हिनच्या आसपासचा पिवळसर घ्या. आणि कृपा करून सारखं नाचवू नका! काम नसताना 'वेट'चा दिवा लागलाय आणि बाकी सगळं शांत, हेच खरं दृश्य.

प्रतिसाद २

सिलेक्ट्रिक कन्सोल म्हणून ठेवलात तर लबाडी. बाजूच्या टेबलावर ऑफिसचा टाइपरायटर म्हणून ठेवा, तो १९६१ पासूनचा आहे, कुणी हरकत घेणार नाही. कन्सोलची जागा १०५२ मिळेपर्यंत मोकळी ठेवा.

मामांच्या कार्डांबाबत तुम्ही उलटं धरून बसलात. ३६० ची भाषा वेगळी हे खरं, पण मॉडेल ३० मध्ये मायक्रोकोडनेच १४०१ चं अनुकरण करण्याची सोय मिळायची. १४०१ वाली गिऱ्हाइकं त्याच जोरावर मॉडेल ३० कडे वळली, आणि पुढे कित्येक वर्षं जुनेच प्रोग्रॅम चालवत बसली. तेव्हा १९६७ च्या मॉडेल ३० शेजारी १४०१ ची कार्डं अगदी घरची. कार्डं ०२६ पंचवर (कार्डांना भोकं पाडायच्या यंत्रावर) काढली असतील तर शेजारी ०२९ हे नंतरचं पंच ठेवू नका. दोघांच्या विशेष चिन्हांची भोकं वेगळी असतात: ०२६ चा कंस ०२९ च्या नजरेने टक्क्याचं चिन्ह होतो. मामांना विचारा.

चपलांचा रॅक मात्र मुंबईचा. एंडिकॉटला लोक बूट घालूनच आत जात.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. एफपीजीए बोर्ड मागवला. मामाला विचारलं. ०२६ च, शिवाय "त्याची धडधड खाली रस्त्यावर ऐकू जायची" हेही ऐकवलं. खोली एंडिकॉटचीच ठेवतोय. रॅक जिन्याच्या वरच्या पायरीशी लावलाय, तिथे १९६७ लागू नाही.

आता ०२६ पंच कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का? बंद पडलेला असला तरी चालेल.