सूत: माप की नुसते नाव?

ओळंबा:
सुतारकामात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्थात ३.१७५ मिलिमीटर. त्या हिशेबाने चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर व्हायला हवेत; प्रत्यक्षात दुकानात बांधकामाची ‘चार सूत’ सळई मागितली की १२ मिलिमीटरची मिळते. फरक किरकोळ वाटतो, पण सळईचे बळ तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि ते जवळजवळ अकरा टक्क्यांनी घटते. जुन्या, इंचांतल्या नकाशात अर्ध्या इंचाच्या आठ सळया दाखवलेल्या असताना मिस्त्री ‘चार सूत’च्या आठ टाकतो, तेव्हा जवळजवळ एका सळईइतके पोलाद कमी पडते. निदान कंत्राटाच्या कागदावर तरी हा शब्द नसावा, असे माझे मत आहे.

खडीवाळू:
साफ असहमत. अडीच सूत म्हणजे आठ, तीन म्हणजे दहा आणि पाच म्हणजे सोळा मिलिमीटर, हे साइटवर फिटरपासून (सळया बांधणाऱ्यापासून) दुकानदारापर्यंत सर्वांना पाठ असते. ते आता माप नसून नाव आहे. ‘अर्धा इंची’ जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप बाहेरून मोजला तर २१ मिलिमीटरच्या वर भरतो, म्हणून प्लंबरला कोणी लबाड म्हणत नाही. तुमच्या उदाहरणातही एक गोष्ट सुटली आहे: जुन्या नकाशांतले साधे पोलाद बहुधा २५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचे असे, तर आजची एफई ५०० प्रतीची सळई त्याच्या दुप्पट ताकदीची असते.

ओळंबा:
पोलाद सुधारले म्हणून चुकीचे माप बरोबर ठरत नाही. ती जास्तीची ताकद किती धरायची, हे अभियंत्याने ठरवायचे असते, मिस्त्रीच्या बोलीने नव्हे.

रंधा:
तुमच्या भांडणात आमच्या सुताचा बळी देऊ नका. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला चार सूत, म्हणजे खरोखरच १२.७ मिलिमीटर जागा लागते. सळईवाल्यांचे चार सूत धरून, म्हणजे बाराच मिलिमीटर सोडून, ड्रॉवरचा खोका बनवला तर दोन्ही बाजू मिळून सुमारे दीड मिलिमीटर कमी पडतात आणि ड्रॉवर अडकतो; मग रंधा मारत बसावे लागते. शब्द बदलायचाच असेल तर तो सळईवाल्यांनी बदलावा.

खडीवाळू:
चॅनेलच्या वेष्टनावर मात्र लांबी मिलिमीटरमध्येही छापलेली असते, रंधासाहेब.