चहा स्वस्त झाला होता, तरी बॉस्टनकरांनी तो समुद्रात का फेकला?

फोंड्याची_आई:
लेकीला वक्तृत्व स्पर्धेसाठी अमेरिकेचं स्वातंत्र्य हा विषय मिळालाय. इंग्रजांनी चहावर कर लावला म्हणून लोक चिडले, एवढंच मला माहीत होतं. पण १७७३ च्या कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता म्हणे. मग ३४२ पेट्या पाण्यात कशासाठी? कोणीतरी नीट समजावून सांगा.

डिचोलीचा_वाचक:
ताई, राग आधीपासून साचत आला होता. फ्रेंचांशी सात वर्षं चाललेलं युद्ध १७६३ ला संपलं तेव्हा ब्रिटन कर्जात बुडालेला. म्हणून १७६५ चा स्टॅम्प कायदा: कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, अगदी पत्त्यांच्या जोडावरही कर. ओरड झाली, वर्षभरात तो मागे घेतला. पण त्याच वेळी ब्रिटिश संसदेने ठणकावलं की अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींसाठी हवा तो कायदा करायचा हक्क आमचा. पुढे काच, कागद, रंग, शिसं, चहा यांवर जकात बसवली. बाकीची उठवली, चहावरची मुद्दाम ठेवली.

पेडण्याचा_मिठागरवाला:
ताई, गोम त्या स्वस्ताईतच होती. ईस्ट इंडिया कंपनीचा चहा लंडनच्या गोदामांत पडून होता. संसदेने तिला माल थेट अमेरिकेत पाठवायची मुभा दिली, पण पौंडामागे ३ पेन्सचा कर कायम ठेवला. चहा घेतला की कर मान्य केल्यासारखंच! विक्रीही कंपनीने नेमलेल्या मोजक्या व्यापाऱ्यांकडे, आणि बॉस्टनमध्ये त्यांत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे. लोक म्हणत होते जहाज तसंच परत जाऊ दे, गव्हर्नर सोडेना. जकात भरायची २० दिवसांची मुदत संपत आली, तेव्हा १६ डिसेंबरच्या रात्री पेट्या फोडल्या.

आमची पिढीजात मिठागरं आहेत, म्हणून हा राग मला आतून कळतो. १८७८ साली पोर्तुगाल आणि ब्रिटनने करार केला, गोव्यातल्या मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये. मानशीच्या, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या दाराच्या, फळ्या उघडल्या की भरतीचं पाणी आगरात चढतं, उन्हाने आटतं, मग आमची माणसं मीठ ओढतात. खाडी आमची, राबणं आमचं, हुकूम मात्र परक्याचा! लिस्बनच्या संसदेवर गोव्याने १८२२ सालीच प्रतिनिधी निवडून दिले होते, तरी आगरात राबणाऱ्याला कोणी विचारलं नाही. १८९२ ला तो करार संपला.

मडगावचा_विद्यार्थी:
पण हेच अमेरिकन गुलाम बाळगत होते ना? अ‍ॅपलॅशियन डोंगरापलीकडे वस्ती करू नका, असं राजाने १७६३ मध्ये बजावलं, त्याचाही त्यांना राग होता. ती जमीन तर तिथल्या मूळ रहिवाशांची.

पेडण्याचा_मिठागरवाला:
अगदी खरं, बाबा. लेकीने हेही स्टेजवर बोलावं, गाळू नये. तरी बॉस्टनचा राग मला खोटा वाटत नाही. १७७४ मध्ये ब्रिटिश संसदेने चहाची भरपाई होईपर्यंत बॉस्टनचं अख्खं बंदर बंद केलं. पेट्या फोडल्या काही जणांनी, पोट मारलं गोदीवरच्या सगळ्यांचं. त्यामुळेच शेजारच्या वसाहती धान्य पाठवू लागल्या आणि सप्टेंबरात १२ वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. ताई, भाषणाला वेळ कमी असेल तर स्टॅम्प कायदा दोन वाक्यांत उरका, बंदराचं मात्र सविस्तर येऊ द्या.