चर्चा: इबादानच्या गादीची रांग – शहाणपण की म्हाताऱ्यांची मक्तेदारी?

पायवाट (धागाकर्ता)

२६ सप्टेंबर २०२५ ला नायजेरियातल्या इबादान शहरात रशिदी लाडोजा 'ओलुबादान' झाले, म्हणजे तिथले पारंपरिक राजे. आदल्याच दिवशी त्यांना ८१ पूर्ण झाली होती. आधीचे ओलाकुलेहिन जेमतेम वर्षभर गादीवर होते, नव्वदी गाठली आणि दोन दिवसांत गेले. त्यांच्या आधीचे लेकान बालोगुन दोन वर्षं. आमच्या ग्रुपवर लगेच थट्टा सुरू झाली, "राज्याभिषेक करतायत की वृद्धाश्रम चालवतायत?" मला ती थट्टा पटली नाही, म्हणून हा धागा.

इबादानला राजघराणंच नाही. योरुबा म्हणजे त्या भागातला मोठा समाज. त्यांची इतर मोठी शहरं आपला वंश इफे नगरीच्या ओदुदुवापर्यंत, म्हणजे त्यांच्या आदिपुरुषापर्यंत, नेऊन भिडवतात. इबादान ही मुळात छावणी. १८२० च्या दशकात ओवू शहर धुळीला मिळवणारं सैन्य, त्यात इफेचे, इजेबूचे आणि ओयोकडून पळून आलेले लोक, १८२९ च्या सुमारास इथे टेकलं आणि पुन्हा उठलंच नाही. आता छावणीत कोण कुणाचा राजपुत्र? मग त्यांनी शिडी केली. प्रत्येक जुन्या वाड्याचा कर्ता तो मोगाजी. मोगाजी झालात की रांगेत. रांगा दोन: ओतुन ही मुलकी, बालोगुन ही लष्करी. दोन्हींत वीस-बावीस पायऱ्या. वरचा गेला की खालचे सगळे एकेक पायरी चढतात, आणि राजा आळीपाळीने एकदा या रांगेतला, एकदा त्या. लाडोजा नव्वदच्या दशकात शिडीवर चढले. मधल्या काळात ते ओयो राज्याचे गव्हर्नर होऊन गेले (२००३ ते २००७), पण तेवढ्यासाठी कुणी त्यांना पुढे घेतलं नाही.

उलट शेजारच्या ओयो शहरात बघा. एप्रिल २०२२ मध्ये आलाफिन, म्हणजे तिथले राजे, गेले आणि कोर्टकज्जे, सरकारची ढवळाढवळ यात नवं नाव ठरायला जानेवारी २०२५ उजाडलं. घराणं आलं की भाऊबंदकी आलीच. माझं मत: राजेशाही ठेवायचीच असेल तर इबादानसारखी ठेवा.

खोडरबर

पायवाट, तुम्ही रांग दाखवलीत, रांगेचं फाटक दाखवलं नाहीत. मोगाजी कोण होतो? ज्यांच्या पणजोबाने एकोणिसाव्या शतकात लढाया मारल्या त्या वाड्यांतलेच. काल लागोसहून येऊन दुकान टाकलेला माणूस नाही. म्हणजे एक घराणं नको म्हणून शेकडो घराणी. याला तुम्ही खुली स्पर्धा म्हणणार?

आणि बायका? इयालोडे हे स्त्रियांच्या प्रमुखाचं पद आहे, मान मोठा, पण तिथून गादीकडे जाणारी पायरीच नाही. एफुनशेतान अनिवुरा ही इयालोडे, प्रचंड श्रीमंत, सरदारांना उधारीवर बंदुका आणि दारूगोळा देणारी. पुढे तिने हात आखडता घेतला, तेव्हा इबादानचा सत्ताधारी सेनापती आरे लातोसा याने १८७४ मध्ये तिचं पद काढलं आणि तिच्याच गुलामांकरवी तिला रात्री मारवलं. ती काही संत नव्हती. तिच्या शेतांवर गुलामच राबत आणि तिच्या क्रूरतेच्या कथा आहेत. पण लातोसाच्या आणि बाकी सरदारांच्या शेतांवर तरी कोण राबत होतं? ज्या शिडीचं तुम्ही कौतुक करताय तिच्यावर चढायचं भांडवल म्हणजे लढाईत धरून आणलेली माणसं.

सोनटक्का

मी २०१० च्या आसपास इबादानमध्ये चार वर्षं एका कारखान्याच्या हिशेबखात्यात होतो. पुस्तकी वादात पडत नाही, एक प्रसंग सांगतो.

आमच्या गोदामातल्या माणसाचे काका मोगाजी झाले. निवृत्त शिक्षक, साठी उलटलेली. मलाही बोलावणं होतं. गंजक्या पत्र्यांच्या छपरांमधून चढत गेलेली गल्ली, ढोल आणि घामाघूम गर्दी. काकांच्या टोपीत आकोकोची पानं खोवली होती. पदवी मिळाल्याची ती खूण. आणि चांगला सुटाबुटातला, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला पुतण्या त्यांच्यापुढे सिमेंटवर पालथा पडून नमस्कार करत होता. आपलं लोटांगणच, पण छाती पूर्ण जमिनीला.

गोदामवाला मला म्हणाला, "काका आता ओलुबादान होणार." मी विचारलं, कधी? त्याने थोडा वेळ हिशेब केला आणि हसत म्हणाला, "वरची बावीस माणसं गेली की."

तेव्हा गादीवर ओदुलाना होते, नव्वदीच्या पुढचे. ते १०१ वर्षं जगले. काकांना काही घाई दिसली नाही. पण गल्लीतल्या भांडणाचा निवाडा करायला लोक दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे यायला लागले होते. रांगेतला माणूस रिकामा बसून नसतो, एवढंच सांगायचंय.

जुनी_वही

दोन्ही बाजू "परंपरा, परंपरा" म्हणतायत म्हणून थोडी धूळ झटकतो. शिडी पहिल्या दिवसापासून नव्हती. सुरुवातीला ज्याची तलवार त्याची सत्ता. ओलुयोलेने बाशोरुन ही पदवी घेऊन शहर मुठीत ठेवलं, तो १८४७ मध्ये वारला. मुलकी आणि लष्करी अशी वाटणी १८५० च्या सुमारास पक्की होत गेली. 'ओलुबादान' हे नाव तर १९३६ चं, तोवर नुसते 'बाले', म्हणजे गावचे प्रमुख. आणि मण्यांचा मुकुट त्यांच्या डोक्यावर आला १९७६ मध्ये. म्हणजे ज्याला आपण पुरातन सिंहासन म्हणतोय त्याचा मुकुट माझ्या थोरल्या भावापेक्षा लहान.

रांग कुणी मोडत नाही हेही अर्धंच खरं. सलामी अग्बाजे हे लाकूड आणि वाहतुकीच्या धंद्यातले बडे व्यापारी, बालोगुन रांगेत पार वरपर्यंत पोचलेले. १९४९ मध्ये बाकीच्या सरदारांनी त्यांना हटवण्यासाठी अर्ज केला, सरकारला चौकशी नेमावी लागली. नंबर लागत आला तेव्हाच नेमके सगळे दोष दिसले!

पायवाट

अग्बाजेंचा मुद्दा मान्य, मला तो टाळता येत नाही. पण त्यानंतर काय झालं तेही लिहा की. १९५५ मध्ये आयझॅक अकिन्येले ओलुबादान झाले. शिकलेले, ख्रिस्ती, शहराचा इतिहास योरुबात लिहिणारे. रांग पैशाला घाबरली असेल, पण शिकलेल्या माणसाला तिने वर येऊ दिलं.

आणि लागोस आठवा. तिथे घराणं होतं. काका अकितोये विरुद्ध पुतण्या कोसोको. इंग्रजांनी काकाची बाजू घेऊन १८५१ च्या डिसेंबरात शहरावर तोफा डागल्या, आणि दहा वर्षांत, १८६१ मध्ये, काकाच्या मुलाकडून सगळं बेटच लिहून घेतलं. राजवाड्यातलं भांडण ही बाहेरच्याला आयती मिळालेली किल्ली असते. हे आपल्याला, नारायणरावाचा खून आणि राघोबादादा ऐकत वाढलेल्यांना, वेगळं सांगायला नको.

खोडरबर

किल्ली नसताना इबादान कुठे वाचलं? १८९३ मध्ये त्यांनीही इंग्रजांच्या करारावर सही केलीच. त्याआधी किरिजीच्या युद्धात एकिती आणि इजेशा लोकांविरुद्ध ते सोळा वर्षं अडकून पडले होते. (किरिजी हे नावच तोफेच्या आवाजावरून पडलं म्हणतात.) घरात भांडण नव्हतं म्हणून शेजाऱ्यांशी काढलं.

आणि सरकारची ढवळाढवळ फक्त ओयोतच का? २०१७ मध्ये गव्हर्नर अजिमोबींनी ओलुबादान हयात असताना इबादानमध्ये एका दमात २१ नवे राजे केले! वरचे सरदार आणि आसपासच्या गावांचे बाले, सगळ्यांना मुकुट.

पायवाट

आणि त्याला नाही म्हणून कोर्टात कोण गेलं? हेच लाडोजा. न्यायालयाने २०१८ मध्ये तो निर्णय रद्दही केला. एका शहरात एकच राजा, या तत्त्वासाठी माणूस स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट नाकारतो. हे मला मोठं वाटतं.

खोडरबर

पुढचं पान उलटा. २०२४ मध्ये, गादी एका पायरीवर आल्यावर, त्यांनीच तो मुकुट घातला.

पायवाट

घातला. तोवर नियम बदलले होते आणि मुकुटावाचून रस्ता अडला असता. आवडलं नाही मलाही.

सोनटक्का

वाद रंगलाय पण एक राहिलं. दरवर्षी मार्चच्या सुमारास ओकेबादानचा सण असतो, सुरुवातीच्या लोकांना आसरा देणाऱ्या टेकडीचा. त्या दिवशी लोक रस्त्यावर अशी गाणी म्हणतात की आपला शिमगा लाजेल. कुणालाही शिव्या, मोठ्यांनाही. आमच्या ऑफिसातल्या अत्यंत सोवळ्या बाई दार लावून बसायच्या आणि खिडकीतून ऐकायच्या. आणि ही मंडळी अभिमानाने सांगतात काय, तर आमचे पूर्वज गोगलगाई खाऊन पोट भरायचे आणि तिच्याच शिंपल्यातून पेज प्यायचे. राजवंशाची पोथी नसलेलं गावच असं बोलू शकतं. माझं मत पायवाटकडे.

जुनी_वही

माझं कुणाकडेच नाही. चार-चार म्हातारे राजे दहा वर्षांत पुरायचे म्हणजे शहराला प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात, हे खोडरबर यांनी म्हणायला हवं होतं, मी म्हणतो.

मात्र एका गोष्टीचं वाईट वाटतं. आजवर ओलुबादानला ठरलेला राजवाडा नव्हता. ज्याचा नंबर लागेल त्याचं राहतं घर तोच राजवाडा. पोपोयेमोजाच्या गल्लीत भाजी विकणारी बाई एका सकाळी उठून राजवाड्याची शेजारीण व्हायची. आता ओके-आरेमोला कायमचा वाडा बांधलाय.

खोडरबर

यावर सहमत. बाकी कशावर नाही.