‘द ओव्हल पोर्ट्रेट’ : खुनाचा आरोप कलेवर कशासाठी?

कुंचला : एडगर ॲलन पो यांच्या या कथेवरील कालच्या लेखात ‘कला वास्तवाला गिळते, हेच कथेचे सार’ असे वाचले आणि राहवले नाही. चित्रकार मनोऱ्यातल्या अंधूक उजेडात आठवडेच्या आठवडे पत्नीला बसवतो, ती खंगत जाते आणि चित्र पुरे होताच मरते, हे खरे. पण तिचा जीव घेतो तो तिच्याकडे न पाहण्याचा त्याचा हट्ट. शेवटी शेवटी तो कॅनव्हासवरची नजर काढून तिच्या चेहऱ्याकडे क्वचितच बघतो, असे पो स्पष्ट लिहितात. मग शिक्षा कलेला का?

निशिगंध : कॅनव्हासवर चढणारे रंग तिच्या गालांवरून उतरत होते, हेही तिथेच लिहिले आहे, ते तुम्ही सोडले. माझे वडील व्यक्तिचित्रे काढत. आई अंगात ताप असताना तीन दिवस त्यांच्यासमोर बसली. गालांवरची लाली त्यांनी हुबेहूब उतरवली, पण ती तापाची आहे हे शेजारच्या काकूंनी सांगितले. ते तासन्तास तिच्याकडेच पाहत होते.

जुना वाचक : १८४२च्या जानेवारीत गाताना पो यांच्या पत्नीच्या, व्हर्जिनियाच्या, तोंडातून रक्त आले आणि एप्रिलमध्ये ‘लाइफ इन डेथ’ या नावाने हीच कथा छापून आली. चित्रकार म्हणजे पो स्वतःच.

कुंचला : प्रत्येक कथेत लेखकाची बायको शोधण्याची ही सवय मला असह्य होते! व्हर्जिनिया १८४७पर्यंत जगली. त्यापेक्षा पो यांनी १८४५मध्ये कथा नव्या नावाने छापताना काय गाळले ते पाहा : ते चित्र पाहून कथा सांगणाऱ्या जखमी निवेदकाने अफू घेतल्याचा मजकूर.

जुना वाचक : आवाज चढवून तारखा पुसल्या जात नाहीत. शिवाय अफू गाळल्याने माझीच बाजू बळकट होते; चित्र जिवंत वाटणे हा नशेचा भास होता, ही पळवाट पो यांनी स्वतःच बुजवली.

कुंचला : जखमी निवेदकाच्या भ्रमाचा उल्लेख नव्या पाठातही आहे, त्यामुळे पळवाट पुरती बुजलेली नाही. मात्र निशिगंध, तुमच्या वडिलांच्या प्रसंगापुढे माझे ‘न पाहणे’ तोकडे पडते, हे नाइलाजाने मान्य करतो. पाहूनही तिचा ताप त्यांना केवळ रंग म्हणून दिसला. तरीही दोष पाहणाऱ्याचाच, एवढे मी सोडणार नाही.

निशिगंध : आईनेही वडिलांना कधी दोष दिला नाही. ते चित्र मात्र तिने बैठकीत लावू दिले नाही.