मदत हवी आहे: सिनेमाचं नाव सांगा. गाडी घेऊन जातो आणि पुढे जगच नसतं, तो!

गच्चीवरचा
मंडळी, घाई आहे म्हणून थेट विचारतो. एक इंग्रजी सिनेमा हवाय. हिरो गाडी घेऊन शहराबाहेर जात राहतो. रस्ता बंद असल्याच्या पाट्या येतात, तो न जुमानता पुढे जातो आणि एका ठिकाणी जग संपतं. पुढे डोंगर नाही, आभाळ नाही, नुसत्या हिरव्या रेषा. म्हणजे तो राहतो ते सगळं कॉम्प्युटरमधलं असतं. फार पूर्वी केबलवर पाहिला होता. सोसायटीच्या ग्रुपवर "शनिवारी गच्चीवर मॅट्रिक्सपेक्षा भारी सिनेमा दाखवतो" असं जाहीर करून बसलोय आणि नाव काही केल्या आठवत नाही. गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

ताकभात
मॅट्रिक्सच असणार. हिरवं म्हणालात ना?

गच्चीवरचा
अहो, मॅट्रिक्सपेक्षा भारी म्हणतोय म्हणजे मॅट्रिक्स नसणारच ना!

रीळवाला
डार्क सिटी. १९९८, दिग्दर्शक ॲलेक्स प्रोयास. शेल बीच सगळ्यांना माहीत असतो पण तिथे जायचं कसं ते एकालाही सांगता येत नाही. शेवटी भिंत फोडतात तर मागे अंतराळ! बिनधास्त लावा. त्याच्यासाठी बांधलेले काही सेट नंतर मॅट्रिक्सने वापरले, दोन्हींचं शूटिंग सिडनीचं.

शेवंती
ट्रुमन शो? त्यात होडी जाऊन आभाळाला धडकते.

गच्चीवरचा
भिंत नाही, अंतराळ नाही, होडी तर नाहीच. गाडी. रेषा. कोणी नीट वाचतंय का?

कागदपत्र
वाचतोय, पण वाचायला दिलंयत काय? साल नाही, नट नाही, कथा नाही. जग जिथे संपतं असे सिनेमे ढिगाने आहेत. निदान गोष्ट सांगा.

गच्चीवरचा
एवढ्यावरून आठवेल असं वाटलं. बरं. एक म्हातारा शास्त्रज्ञ असतो, त्याचा खून होतो आणि आळ त्याच्या हाताखालच्या माणसावर येतो, तोच हिरो. म्हाताऱ्याने मरण्याआधी बारवाल्याकडे एक चिठ्ठी ठेवलेली असते. बारवाला ती फोडून वाचतो.

कागदपत्र
कुठला बारवाला?

गच्चीवरचा
आतला. कॉम्प्युटरमधला. त्यांनी ते जुन्या काळातलं शहर बनवलेलं असतं ना, हॅट घातलेले लोक, जुन्या मोटारी, हॉटेलात बँड वाजतोय. यंत्राखाली आडवं पडायचं की तिथल्या माणसाच्या अंगात शिरता येतं.

खिडकीपाशी
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर ट्रुमनची होडी वाचली असती.

द थर्टीन्थ फ्लोअर, १९९९. दिग्दर्शक योसेफ रुस्नाक. आतलं शहर म्हणजे १९३७ चं लॉस एंजेलिस. म्हातारा हॅनन फुलर म्हणजे आर्मिन म्युलर-श्टाल, हिरो डग्लस हॉल म्हणजे क्रेग बिएर्को. बारवाला ॲश्टन आणि ऑफिसातला व्हिटनी हे दोघेही व्हिन्सेंट डी'ओनोफ्रिओ, आणि पडदा खरा खातो तो तोच.

गाडी दोनदा जाते बरं का. आधी चिठ्ठी वाचून बारवाला जातो आणि आपलं जग खोटं आहे हे पाहून पिसाळतो. हॉलला वाटतं, चिठ्ठीतलं गुपित म्हणजे १९३७ खोटं आहे, त्यात नवीन काय, आम्हीच बनवलंय. मग त्याच्या डोक्यात उजेड पडतो की चिठ्ठी बारवाल्यासाठी नव्हती, आपल्यासाठी होती. तुम्हाला आठवतेय ती दुसरी गाडी.

गच्चीवरचा
हाच!! दंडवत घ्या. सुटलो.

शेवंती
आणि आम्ही अडकलो. मी पाहिलेला नव्हता. पहिल्या ओळीत "रहस्यभेद" एवढं लिहायला काय होतं हो?

खिडकीपाशी
ताई, जग खोटं आहे हे तर धागाकर्त्यांनीच वर सांगून टाकलंय. तरी माफी.

रीळवाला
नाव मिळालं, छान. आता खरा सिनेमा सांगतो. हीच गोष्ट जर्मन दिग्दर्शक फासबिंडरने १९७३ मध्ये पश्चिम जर्मनीच्या टीव्हीसाठी दोन भागांत केली होती, वेल्ट आम ड्राट. दोन्हींचं मूळ एकच, डॅनिएल गॅलुये या अमेरिकन लेखकाची १९६४ ची कादंबरी, सिम्युलॅक्रॉन-३. फासबिंडरकडे एक माणूस पार्टीत बोलता बोलता नाहीसा होतो आणि पुढे तो होता हेच कोणाला आठवत नाही. हिरव्या रेषा वगैरे काही लागत नाही. प्रत्येक खोलीत आरसे लावलेत, तेवढ्यावर माणूस अस्वस्थ होतो. शनिवारी तोच दाखवा.

ताकभात
किती वेळाचा आहे?

रीळवाला
दोन्ही भाग मिळून तीन तासांच्या वर.

ताकभात
तीन तास जर्मन, गच्चीवर, डासांत. पुढच्या सभेत यांना सेक्रेटरी पदावरून काढतील.

निम्मा_प्रेक्षक
मी थर्टीन्थ फ्लोअर दोनदा पाहिलाय आणि दोन्ही वेळा मध्यंतरापर्यंत आवडला. १९३७ चा भाग देखणा आहे, फिकट तपकिरी रंग, हॉटेल, नाचणाऱ्या मुली. पण हॉल आणि फुलरची मुलगी म्हणून येणारी जेन यांचं प्रेम पटतच नाही. बिएर्को सदा नुकता झोपेतून उठल्यासारखा. आणि सिनेमाची सुरुवातच तत्त्वज्ञ देकार्तच्या "मी विचार करतो, म्हणून मी आहे" या वाक्याने! विषय गहन आहे हे तिकीट फाडतानाच सांगून टाकायचं.

खिडकीपाशी
बिएर्कोबद्दल असहमत. त्याचा गोंधळलेला चेहरा भूमिकेला चालतो, त्याला स्वतःलाच माहीत नाही आपण कोण ते. आणि मॅट्रिक्स त्याच वर्षी मार्चअखेर आला, हा मेअखेर. मध्ये क्रोनेनबर्गचा एक्झिस्टेन्झ, तोही खोट्या जगाचाच. मॅट्रिक्सच्या मारामारीनंतर दोनच महिन्यांनी हॅट घातलेली माणसं पाहायला कोण जाणार? विज्ञानकथा सिनेमांच्या सॅटर्न पुरस्कारांत नामांकन होतं, तिथेही मॅट्रिक्सच जिंकला.

गच्चीवरचा
चर्चा चालू दे, पण मला आणखी एक अडचण आहे. आमच्याकडे एक निवृत्त इंजिनिअर काका आहेत, ते शेवटी विचारणार. हॉल वरच्या जगात जातो कसा? मला तेव्हाही कळलं नव्हतं.

कागदपत्र
नियम असा. वरचा माणूस खालच्याच्या अंगात शिरलेला असताना तिथेच मेला, तर वर त्याच्या शरीरात खालच्याची जाणीव जागी होते. आधी हेच व्हिटनीबाबत होतं. तो ॲश्टनच्या अंगात असताना १९३७ मध्ये गाडीखाली मरतो आणि वर व्हिटनीच्या शरीरात ॲश्टन उठतो. हॉलचंही तसंच. त्याच्यात शिरलेला जेनचा नवरा डेव्हिड पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने मरतो आणि वरच्या जगात, म्हणजे २०२४ मध्ये, डेव्हिडच्या शरीरात हॉल डोळे उघडतो.

निम्मा_प्रेक्षक
आणि हे का होतं ते सांगितलंय का कुठे? वरच्या माणसाचा मेंदू म्हणजे काय भाड्याची खोली आहे, एक गेला की दुसरा यायला? काका इथेच पकडणार तुम्हाला.

कागदपत्र
नाही सांगितलंय. नियम मान्य करा नाहीतर सिनेमा बघू नका. भुताच्या गोष्टीत विचारता का, भूत भिंतीतून जातं मग जमिनीतून खाली का पडत नाही?

शेवंती
आता सगळं फुटलंच आहे म्हणून काल रात्री बघून टाकला. मला खटकलं ते कोणीच लिहिलं नाहीये. फुलर म्हणे थोर माणूस. पण तो १९३७ मध्ये जातो कशाला, तर हॉटेलातल्या तरुण मुलींसाठी. ज्या ग्रिअर्सनच्या अंगात तो शिरतो त्याला घर आहे, बायको आहे. रात्री हे महाशय रंगढंग करून येतात, त्या बायकोशेजारी अंथरुणात शिरतात आणि निघून जातात. मागे उरतो ग्रिअर्सन, ज्याला संध्याकाळ कुठे गेली ते आठवत नाही. डेव्हिड हा हॉलच्या अंगात शिरून माणसं मारतो तेव्हा तो राक्षस. फुलरचं मात्र म्हातारपणीचे चाळे म्हणून सोडून दिलंय. शेवटी समुद्रकिनाऱ्यावर प्रेमळ बाप म्हणून उभा!

खिडकीपाशी
हे पटलं. पण २०२४ चा फुलर वेगळा, तो जेनचा खरा बाप. चाळे करणारा त्याची खालची प्रत.

शेवंती
हो, तो वेगळा, मान्य. पण प्रत त्याच्यावरूनच काढलीय ना.

गोदाकाठ
आपल्याकडे हे फार आधी होतं. योगवासिष्ठात लीलेची कथा वाचा. पद्म राजा मरतो. राणी लीला सरस्वतीच्या कृपेने पाहते, तर त्याच महालात त्याचं दुसरं जग चालू, तिथे तो विदूरथ नावाचा राजा. आणि त्याआधी म्हणे तो एका झोपडीतला गरीब ब्राह्मण होता, त्याला मरून आठच दिवस झालेत. अख्खं राज्य झोपडीएवढ्या जागेत. विदेशी लोकांना आता सुचलं.

ताकभात
आलं! विमान झालं, आता सिम्युलेशन.

कागदपत्र
गोदाकाठ, कथा सुंदर आहे, वादच नाही. पण लीलेला कोणी बटण दाबून बंद करणार नाहीये. सिनेमातली भीती ती आहे, वर बसलेल्याच्या हातात बटण आहे. जेन खाली येते तीच मुळी यंत्र बंद पाडायला.

गोदाकाठ
बटण कोणाच्या हातात हाच तर वेदान्ताचा प्रश्न. असो.

प्रोजेक्टरमास्तर
गच्चीवर दाखवताय तर प्रोजेक्टर किती ल्युमेनचा आहे? चादर लावू नका, आरपार उजेड जातो. पांढरं फ्लेक्स उलटं करून ताणून बांधा. आणि अंधार पडल्याशिवाय सुरू करू नका, या सिनेमात अर्धे प्रसंग रात्रीचे आहेत.

गच्चीवरचा
हे मी विचारलं नव्हतं, पण फ्लेक्सचं बरं सांगितलंत. भिवंडी रोडवरच्या दुकानातून आणतो. आता शेवटचं, मग त्रास देत नाही. अगदी शेवटी पडदा टीव्ही बंद केल्यासारखा मिटतो. म्हणजे २०२४ सुद्धा खोटंच ना?

रीळवाला
सरळ आहे, खोटंच. बटण वरच्याच्याही वर आहे. फासबिंडरने असला गिमिक न करता...

खिडकीपाशी
काही सरळ नाही. शेवट इतका गोड, सोनेरी किनारा, उंच इमारती, बापलेक हसतायत, त्यावर दिग्दर्शकाने फक्त एक चिमटा काढलाय. पुरावा म्हणून धरायचा तर मग दिसणारं सगळंच बाद.

निम्मा_प्रेक्षक
२०२४ येऊन गेलं, त्यातलं काही झालं नाही, म्हणजे ते खोटं हे सिद्ध आहे. :)

कागदपत्र
काकांना सांगा, सिनेमा उत्तर देत नाही. आणि तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉमचा सिम्युलेशनवरचा, म्हणजे आपलं जग कॉम्प्युटरमधलं असण्यावरचा, निबंध २००३ चा आहे, सिनेमा त्याआधीचा. तो ओढून आणायला लागले तर तेवढं लक्षात ठेवा.

शेवंती
सोसायटीतली लहान मुलं येणार असतील तर आधीच ठरवा. सुरुवातीला भोसकाभोसकी आहे आणि शेवटाकडे डेव्हिड जेनवर जबरदस्ती करायला जातो तो प्रसंग अंगावर येतो. अमेरिकेतही याला आर प्रमाणपत्र होतं.

गच्चीवरचा
बरं झालं सांगितलंत. मुलांसाठी खाली क्लबहाउसमध्ये वेगळं काहीतरी लावतो. चांगली प्रत कुठे मिळेल?

खिडकीपाशी
माझ्याकडे डीव्हीडी आहे, इंग्रजी सबटायटल्ससकट. डोंबिवलीत येऊन नेऊ शकत असाल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. सोमवारपर्यंत परत हवी.

गच्चीवरचा
कल्याणला असतो. व्यनि केलाय, उद्या आठनंतर चालेल का?

रीळवाला
जाताय तर फासबिंडरची आहे का तेही विचारा त्यांना.