मदत हवी आहे: बागेच्या गेटसमोर गतिरोधक कसा करून घ्यायचा?

मृणाल_के
आमच्या बागेच्या गेटसमोरून गाड्या सुसाट जातात. परवा संध्याकाळी एका आजींना दुचाकीचा धक्का लागला, मनगट मोडलं. अर्ज दिलाय, उत्तर नाही. गतिरोधक हवा असेल तर नक्की कुणाला गाठायचं? लवकर सांगा, सुट्ट्या लागल्या की मुलांची झुंबड उडते तिथे.

पेठकर
गाव कुठलं? महापालिका की नगरपरिषद? अर्ज कुणाकडे दिला, पोचपावती आहे का?

मृणाल_के
पुणे, सिंहगड रस्त्याच्या आतली बाजू. क्षेत्रीय कार्यालयात दिला. पोच आहे.

जुना_अभियंता
रस्ता किती रुंद आहे? बस जाते का? चढ-उतार? हे कळल्याशिवाय सल्ला देणं चुकीचं होईल.
तोवर एवढं करा: अर्जाची प्रत महापालिकेच्या पथ विभागाला आणि वाहतूक पोलिसांना, दोघांनाही द्या. गतिरोधकाला पोलिसांचा अभिप्राय लागतो. आणि अर्जात ‘आयआरसी ९९ प्रमाणे’ असं लिहा, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या गतिरोधकाच्या मानकाप्रमाणे. वर गोलाई असलेला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि गाडीच्या दिशेने ३.७ मीटर रुंद हवा, तेव्हा गाडी साधारण ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने नीट पार होते. आधी फलक आणि वर रंगाचे पट्टे हवेतच. डांबराचा उरलेला ढीग ओतून केलेला उंचवटा म्हणजे गतिरोधक नव्हे, रात्री पावसात दुचाकीवाला त्यावरच पडतो.

मणक्याचा_रुग्ण
कृपा करून आणखी गतिरोधक मागू नका. माझं मणक्याचं ऑपरेशन झालंय, रिक्षातून जाताना प्रत्येक उंचवटा मस्तकात जातो. रुग्णवाहिकेतल्या माणसाचा विचार करा.

रोहिणी_पायी
आणि रस्त्यावर पडलेल्या आजींचा विचार कुणी करायचा?

मणक्याचा_रुग्ण
त्यांचाही करतोय. म्हणूनच म्हणतो, पोलीस उभा करा, दंड करा. मूळ दुखणं लायसन्स नसलेली पोरं आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोन पालकांवर कारवाई झाली की रस्ता शांत.

रोहिणी_पायी
पोलीस तासभर उभा राहील, रस्ता चोवीस तास तसाच असतो. माझ्या मते गतिरोधकही अपुरा. टेबल टॉप क्रॉसिंग मागा: झेब्रा पट्ट्यांचा भागच उचलून पदपथाच्या पातळीला आणायचा. बाबागाडी, व्हीलचेअर सरळ पार होते आणि गाडीला आपोआप हळू व्हावं लागतं. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले तेव्हाही ओरड झाली होती. आज तिथे बाकांवर म्हातारी माणसं निवांत बसलेली दिसतात.

पेठकर
जंगली महाराज रस्ता एकेरी आहे आणि कितीतरी रुंद. आतल्या रस्त्याशी तुलना कशी होईल?

स्टुटगार्टकर
आमच्याकडे जर्मनीत खेळणाऱ्या मुलाचं चित्र असलेला निळा फलक लावतात. त्या गल्लीत गाडीने माणसाच्या चालीनेच जायचं. मुलांना रस्त्यात खेळायची मुभा असते.

पेठकर
नुसत्या फलकाने इथे काय होणार? ताशी ३० चे फलक काय कमी आहेत?

जुना_अभियंता
पण ३० चा आकडा मनाचा नाही. रस्ता सुरक्षेच्या २०२० च्या जागतिक स्टॉकहोम जाहीरनाम्यात, पायी चालणारे आणि गाड्या एकत्र असतील तिथे ३० हीच मर्यादा धरली आहे. तो वेग रस्त्याच्या रचनेने साधायचा, एवढंच माझं म्हणणं. मृणालताई, रुंदी सांगताय ना?

हिरवळ
बागेची वेळ वाढवून हवी असेल तर उद्यान विभागाकडे अर्ज करा. आमच्या भागात पंचवीसएक सह्या नेल्यावर सकाळी लवकर उघडायला लागले. भटक्या कुत्र्यांसाठी मात्र वेगळा विभाग आहे.

मृणाल_के
वेळेचा प्रश्न नाहीये हो! रुंदी मोजली नाही, दोन बस एकमेकींना कशाबशा पार होतात. हो, बस जाते. उतार आहे, गेट उताराच्या तळाशी. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या आणि भेळेच्या गाड्या, त्यामुळे मूल रस्त्यावर आल्यावरच दिसतं. मागच्या गल्लीत दुसरं गेट आहे, पण कायम कुलूप.

जुना_अभियंता
हे आधी कळायला हवं होतं. बस आणि उतार असताना ऐन गेटसमोर उंचवटा मागू नका, वेग वरूनच कमी व्हायला हवा. उतार सुरू होतो तिथे गतिरोधक, मग गेटपाशी टेबल टॉप. बसमुळे त्याचे दोन्ही उतार लांब ठेवायला सांगा. गेटच्या दोन्ही अंगांना नो पार्किंग आणि पदपथाच्या कडेला बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे खुंट. लपलेलं मूल दिसू लागलं की निम्मा धोका गेला.

रोहिणी_पायी
भेळवाल्यांना हुसकू नका. त्यांच्यामुळे संध्याकाळी तिथे जाग असते. बागेच्या भिंतीलगत आत सरकवून जागा द्या.

हिरवळ
आणि मागच्या गेटचं कुलूप उद्यान विभागच काढू शकतो. त्याला डांबर लागत नाही की पोलिसांचा अभिप्राय. पहारेकरी नसल्याचं कारण सांगतील, तेव्हा निदान संध्याकाळी ४ ते ८ उघडा म्हणा. गल्लीतली मुलं मोठ्या रस्त्यावर येणारच नाहीत.

मृणाल_के
हे कुणालाच सुचलं नव्हतं. गल्लीतल्या दोन सोसायट्यांच्या सह्या आजच घेते. पथ विभागाचा अर्ज वेगळा करते, उताराचे फोटो लावून. खर्चाला निधी नाही म्हणाले तर?

पेठकर
पुण्यात सहभागी अंदाजपत्रक आहे, नागरिकांना आपल्या भागातली कामं सुचवता येतात. अर्जांची मुदत ठरलेली असते, ती क्षेत्रीय कार्यालयात विचारा. नगरसेवकांनाही प्रत द्या.

मणक्याचा_रुग्ण
वरचा गतिरोधक मोजून घालायला लावा. ३.७ मीटर, कमी नको. माझीही सही घ्या.